पुशरॉड व्ही-८ला 'जुनाट' म्हणणाऱ्यांसाठी : मसल कारमध्ये (मोठ्या इंजिनाच्या दणकट अमेरिकन गाड्यांत) पुशरॉड की ओव्हरहेड कॅम?

वुडवर्डवासी (धागाकर्ता)

मंडळी, मी डेट्रॉइटजवळ राहतो. इथे दर ऑगस्टमध्ये वुडवर्ड अव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते, १९९५ पासून चालू आहे, लोक सकाळपासून जुन्या गाड्या घेऊन रस्त्यावर आणि आम्ही फुटपाथवर खुर्च्या टाकून. यंदा शेजारी बसलेल्या मित्राशी (आपलाच, सांगलीचा) चांगलीच जुंपली. त्याचं म्हणणं, शेव्हरोलेच्या कॉर्व्हेट ह्या स्पोर्ट्स कारमध्ये अजून पुशरॉड इंजिन घालतात म्हणजे ह्यांचं तंत्रज्ञान पन्नास वर्षं मागे आहे, अरे आपल्या मारुती ८००ला सुद्धा १९८३ साली ओव्हरहेड कॅम होता. तिथे एवढ्या आवाजात नीट बोलता आलं नाही म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. व्हॉल्व्ह (हवा-पेट्रोल आत आणि धूर बाहेर जायच्या झडपा) उघडायला कॅमशाफ्ट, म्हणजे उंचवटे असलेला फिरता दांडा लागतो. व्ही-८ म्हणजे इंग्रजी व्हीसारखे चार-चार करून आठ सिलिंडर. पुशरॉड व्ही-८मध्ये तो एकच कॅम ब्लॉकच्या आत, व्हीच्या बेचक्यात, क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या) वर बसलेला असतो. कॅमवर लिफ्टर (आपल्याकडे टॅपेट म्हणतात तो), त्यावर लांब सळई म्हणजे पुशरॉड, ती हेडमधल्या (सिलिंडरवरच्या भागातल्या) रॉकरला वर ढकलते आणि रॉकर व्हॉल्व्ह दाबतो. ओव्हरहेडमध्ये कॅमच उचलून हेडवर नेतात, सळई गेली, पण व्ही-८ला हेड दोन, म्हणजे सिंगल असेल तर दोन कॅम आणि डबल असेल तर चार, आणि ते फिरवायला खालपासून वरपर्यंत लांबलचक चेन.

आता माझं म्हणणं. लिटरमागे किती एचपी हे माप लावलं की पुशरॉड हरणारच. पण हे माप आलं कुठून? जिथे सीसी बघून टॅक्स लावतात तिथून. युरोप, जपान, आणि आपण सुद्धा, चार मीटरच्या आत आणि पेट्रोलला १२०० सीसी ही रेघ आपल्या डोक्यात इतकी पक्की बसलीय की जास्त सीसी म्हणजे काहीतरी चुकलंच असं वाटतं. अमेरिकेत तसा टॅक्स नाही. तिथे इंजिन बनवणारा बघतो की बॉनेटखाली जागा किती खाल्ली, वजन किती, खर्च किती आणि त्यात ताकद किती निघाली. ह्या मापाने पुशरॉडचं इंजिन बाहेरून लहान आणि आतून मोठं असतं, हेड आटोपशीर, उंची कमी, त्यामुळे बॉनेट खाली घेता येतं आणि गाडीचं वजनही खालीच राहतं.

एकच उदाहरण देतो. १९९० साली कॉर्व्हेट झेडआर-१ आली, तिचं एलटी५ इंजिन लोटसने डिझाइन केलेलं, ५.७ लिटर, चार कॅम, ३२ व्हॉल्व्ह, आणि ते बांधायचं कामही बाहेर दिलेलं, ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटरमध्ये, बोटींची इंजिनं बनवणाऱ्या मर्क्युरी मरीनला. सुरुवातीला ३७५ एचपी, १९९३ पासून ४०५. महागडं प्रकरण होतं, १९९५ला बंद झालं. मग कॉर्व्हेटच्याच झेड०६मध्ये एलएस६ आलं. तेही ५.७ लिटरच, पण एक कॅम, १६ व्हॉल्व्ह, पुशरॉड. त्याची २००२ सालची ताकद? ४०५ एचपी. तोच आकडा, इंजिन हलकं, आकाराने लहान, आणि किंमत झेडआर-१च्या जवळपासही नाही. हे बघितल्यावर पुशरॉडला मागासलेला कसं म्हणायचं?

रेडलाईन

लेख आवडला पण तुम्ही उदाहरण सोयीचं निवडलंय. १९९० आणि २००२ ह्यात बारा वर्षं गेली, बारा वर्षांत हेडचं डिझाइन, पोर्ट, कॉम्प्युटर सगळंच पुढे जातं. त्याच काळातली दोन इंजिनं समोरासमोर ठेवा ना.

२०११. फोर्डच्या मस्टँगमध्ये कोयोटी नावाचं इंजिन आलं, ५.० लिटर, चार कॅम, ३२ व्हॉल्व्ह, चारही कॅमचं टायमिंग चालत्या गाडीत बदलतं, ४१२ एचपी. समोर शेव्हरोलेची कॅमारो एसएस, ६.२ लिटर पुशरॉड, मॅन्युअलला ४२६. म्हणजे सव्वा लिटर जास्त पेट्रोल-हवा पिऊन १४ एचपी पुढे. आणि २०१८ला त्याच कोयोटीने ४६० काढले, रेडलाईन (फिरायची कमाल मर्यादा) ७५०० आरपीएम. माझ्याकडे २०१८ची आहे, ५००० च्या पुढे ती जी खेचते ना, ते पुशरॉडवाल्याला कळणारच नाही कारण त्याचं तिथे संपत आलेलं असतं.

वुडवर्डवासी

@रेडलाईन मान्य, कोयोटी भारीच इंजिन आहे, त्याला नावं ठेवायचीच नाहीयेत. पण मग १९९८ पण समोरासमोर ठेवा. मस्टँग जीटी, ४.६ लिटर ओव्हरहेड कॅम, २२५ एचपी. कॅमारो झेड२८, एलएस१ पुशरॉड, ३०५ एचपी. ८० एचपीचा फरक. म्हणजे ओव्हरहेड कॅम लावला की आपोआप जिंकलं असं नाही. मस्टँगने १९९६ला जुनं ५.० पुशरॉड सोडून ओव्हरहेड घेतलं आणि पुढची दहा-बारा वर्षं स्ट्रीटवर मार खाल्ला, सुपरचार्जरवाली मस्टँग कोब्रा सोडली तर.

ह्याचं कारण बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या व्यासात आहे. ते ४.६ आणि तुमचं कोयोटी, दोन्हीमध्ये शेजारच्या दोन सिलिंडरच्या मध्यातलं अंतर १०० मिलिमीटर. आमच्या शेव्हरोलेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८मध्ये ४.४ इंच, म्हणजे जवळजवळ ११२, आणि हे अंतर १९५५च्या पहिल्या २६५ क्युबिक इंचाच्या इंजिनापासून २०२०च्या एलटी२पर्यंत तेच आहे. त्या १२ मिलिमीटरमुळे एलएस७ला ४.१२५ इंचाचा बोअर घेता आला, ७ लिटर, ५०५ एचपी, आणि ब्लॉकची लांबी फार वाढली नाही. ५.० लिटरला चार व्हॉल्व्ह लागतात कारण बोअर लहान आहे. बोअर मोठा असेल तर दोनच व्हॉल्व्ह पण हे एवढाले बसवता येतात. एलएस७चे इनटेक व्हॉल्व्ह टायटॅनियमचे आहेत, कनेक्टिंग रॉडसुद्धा टायटॅनियमचे, ७००० आरपीएमला फिरतं. ह्याला जुनं तंत्रज्ञान कोण म्हणेल?

घाटवळण

मला एक प्राथमिक शंका, हसू नका. पुशरॉड असल्यावर इंजिन जास्त रेव्ह का होत नाही, म्हणजे जास्त आरपीएमला का फिरत नाही? सळई वाकते म्हणून?

चौदानंबरपाना

@घाटवळण हसायचं काय त्यात, चांगला प्रश्न आहे. मी कोल्हापुरात तीस वर्षं गॅरेज चालवलं, व्ही-८ माझ्या हाताखालून कधी गेलं नाही पण पुशरॉड म्हणाल तर हजारो. प्रीमियर पद्मिनी पुशरॉड, १०८९ सीसी. अँबॅसॅडरचं जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन पुशरॉड. बुलेट पुशरॉड. तेव्हा हे अमेरिकन भानगड वगैरे नाही, आपल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने मुंबई ह्याच सळयांवर ओढली.

आता तुमचं उत्तर. कॅम व्हॉल्व्हला फक्त उघडतो, बंद करायचं काम स्प्रिंगचं. कॅमचा उंचवटा सरकला की स्प्रिंगने व्हॉल्व्ह, रॉकर, सळई, लिफ्टर हे सगळं लटांबर परत ढकलून कॅमला चिकटवून ठेवायचं. रेव्ह वाढला की वेळ कमी पडतो, एका मर्यादेपुढे स्प्रिंगला ते वजन आवरत नाही आणि व्हॉल्व्ह हवेत तरंगतो, त्याला व्हॉल्व्ह फ्लोट म्हणतात. पिस्टनला धडकला तर खेळ खल्लास. ओव्हरहेडमध्ये सळई आणि लिफ्टर नाहीत, हलणारं वजन कमी, म्हणून स्प्रिंगला सोपं जातं. सळई वाकते हेही थोडंफार खरं, ताण आला की ती लवते आणि व्हॉल्व्ह कॅमने सांगितल्यापेक्षा वेगळाच हलतो.

जुन्या कास्ट आयर्न बुलेटला खाली बाजूला एक छोटं झाकण असायचं, ते उघडून टॅपेट सेट करायचे. इंजिन थंड पाहिजे, पिस्टन टीडीसीला (अगदी वरच्या टोकाला), आणि पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवायचा, सहज गरगर फिरला पाहिजे पण वरखाली तसूभर खेळ नको. फिलर गेजची गरजच नाही, बोटालाच कळतं. माझ्या उस्तादांनी मला पहिल्या महिन्यात फक्त एवढंच करायला लावलं होतं.

वुडवर्डवासी

काका, काय सुंदर सांगितलंत! दोन बोटांत धरून फिरवायची गोष्ट मी माझ्या मित्राला पाठवतोय. 🙏

फक्त एक भर घालतो, पुशरॉड म्हणजे रेव्ह नाहीच असं कोणी समजू नये. नॅस्कार ह्या अमेरिकन मोटर शर्यतींच्या कप मालिकेत ३५८ क्युबिक इंचाची पुशरॉड इंजिनं ९००० आरपीएमच्या वर तासन् तास फिरवलीत, आणि २०१२ येईपर्यंत ती कार्ब्युरेटरवर होती. स्प्रिंग, लिफ्टर, सळई सगळं खास असतं, खर्च प्रचंड, पण होतं.

घाटवळण

धन्यवाद काका, आता डोळ्यासमोर आलं. म्हणजे नवी बुलेट, २०२० नंतरची जे सिरीजची इंजिनं, ती ओव्हरहेड कॅमची आहेत ना? माझ्याकडे मिटिअर आहे, बाबांकडे २०१४ची क्लासिक. बाबांची खालून ढकलते तशी माझी ढकलत नाही असं त्यांचं ठाम मत आहे.

चौदानंबरपाना

हो, जे सिरीजला सिंगल ओव्हरहेड कॅम. बाबांच्या क्लासिकमध्ये पुशरॉड आहेत पण टॅपेट हायड्रॉलिक, सेटिंग करायला लागत नाही. खालचं ढकलणं हे मात्र पुशरॉडमुळे येत नाही, लांब स्ट्रोक आणि जड फ्लायव्हील ह्याने येतं. लोक दोन्ही एकच समजतात.

रेडलाईन

काकांचं हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे आणि मला तेच म्हणायचं होतं. मसल कारवाले म्हणतात "पुशरॉडला टॉर्क (फिरवायचा जोर) असतो". अहो टॉर्क लिटरला असतो. १९७०च्या ब्युइकच्या ४५५ स्टेज १ला ५१० पाउंड-फूट होता कारण ते साडेसात लिटरचं होतं (आणि ते जुने ग्रॉस आकडे, नुसत्या इंजिनाचे, १९७२पासून नेट म्हणजे गाडीत बसवल्यासारखं इंजिन धरून मोजायला लागले तेव्हा सगळ्यांचेच आकडे खाली आले). चार कॅम लावून साडेसात लिटर केलं तर त्यालाही तेवढाच मिळेल.

वुडवर्डवासी

मिळेल, पण ते इंजिन मावेल कुठे? माझा मुद्दा तिथेच येतो. १९६९ची बॉस ४२९ मस्टँग आठवा, ती पुशरॉडच होती पण हेड एवढे रुंद की मस्टँगचे शॉक टॉवर (सस्पेन्शन धरणारे इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे खांब) बदलल्याशिवाय बसेना, बाहेरच्या वर्कशॉपमध्ये एकेक गाडी कापून बनवायला लागली. आजही कोणाला साठ-सत्तरच्या मस्टँगमध्ये कोयोटी घालायचं असेल तर बहुतेक वेळा शॉक टॉवर काढावेच लागतात. तेच शेव्हरोलेचं एलएस पुशरॉड? लोक माझदाच्या चिमुकल्या दोन सीटच्या मियाटामध्ये घालतात. मियाटा! ती गाडी केवढी, इंजिन केवढं, आणि बॉनेट लागतं. मोठं इंजिन लहान जागेत हाच तर मसल कारचा मूळ विचार आहे, १९६४ला पाँटियाकने मध्यम आकाराच्या टेंपेस्टमध्ये ३८९ क्युबिक इंचाचं इंजिन टाकून जीटीओ केली तेव्हापासून.

रेडलाईन

त्याच पाँटियाकने १९६६ला ओव्हरहेड कॅमचं सिक्स आणलं होतं हेही सांगा की. स्प्रिंट म्हणून, रबरी टायमिंग बेल्टवर, २३० क्युबिक इंचात २०७ एचपी. त्या काळच्या अमेरिकेत ही मोठीच उडी होती. गिऱ्हाईक व्ही-८च मागत राहिलं.

आणि ओव्हरहेड कॅमला मैदानात उतरूच दिलं नाही ह्याबद्दलही बोलू. १९६४ला नॅस्कारच्या डेटोना ५०० शर्यतीत क्रायस्लरच्या ४२६ हेमी ह्या पुशरॉड इंजिनाने पहिले तिन्ही नंबर मारले, रिचर्ड पेटी पहिला. फोर्डने उत्तर म्हणून आपल्या ४२७ क्युबिक इंचाच्या इंजिनावर ओव्हरहेड कॅमचे हेड बसवले, त्यालाच कॅमर म्हणतात, सहाशेच्या वर एचपी. आणि १९६५च्या नियमांत नॅस्कारने ते बंद केलं. एकही शर्यत न धावता. म्हणजे तुमचा पुशरॉड जिंकला तो प्रतिस्पर्ध्याला दारातच अडवल्यामुळे.

वुडवर्डवासी

ह्यावर मला मनापासून बोलायचंय कारण कॅमर माझं अत्यंत आवडतं इंजिन आहे, गेल्या वर्षी क्रूझला एक बघितलं, झाकणं उघडी ठेवून उभं केलेलं, मी तिथून अर्धा तास हललो नाही. तुम्ही म्हणता ते खरं, अन्याय झाला. पण त्या नियमांत हेमीलाही फटका बसला हे विसरू नका, क्रायस्लरने १९६५ला बहिष्कार टाकला आणि पेटी ड्रॅग रेसिंग करायला गेला.

आणि कॅमरचं दुखणं तेच होतं जे व्ही-८ला ओव्हरहेड कॅम लावताना नेहमी येतं. जुनाच ब्लॉक, त्यावर वर दोन कॅम, आणि ते फिरवायला जवळपास सात फुटांची एकच चेन. सात फूट! एवढी चेन ताणली की डाव्या आणि उजव्या बाजूच्या कॅमचं टायमिंग एक राहत नाही, बांधणाऱ्याला ते धरून दोन्ही बाजू वेगवेगळ्या सेट करायला लागायच्या. पुशरॉडमध्ये क्रँकपासून कॅमपर्यंत चेन वीतभर. आज टेन्शनर, गाईड सगळं सुधारलंय हे मान्य.

नियमांची गंमत उलटी पण झालीय, १९९४ची इंडियानापोलिसची इंडी ५०० शर्यत बघा. तिथे पुशरॉड इंजिनांना जास्त सीसी आणि जास्त टर्बो बूस्टची सवलत होती. पेन्स्की टीमने इल्मोर ह्या इंजिन कंपनीकडून गुपचूप खास शर्यतीसाठीच पुशरॉड व्ही-८ बनवून घेतलं, मर्सिडीजचं नाव लावलं, हजारच्या आसपास एचपी, आणि अल अन्सर ज्युनियर जिंकला. पुशरॉडला कमकुवत समजून सवलत ठेवली होती, त्यांनी बरोबर तीच पकडली.

ह्यूस्टनकर

उशिरा आलो. दोघांचंही वाचलं, मी दोन्ही प्रकार वापरलेत म्हणून थोडं घरचं सांगतो. आमच्याकडे एक पुशरॉड व्ही-८ पिकअप होता, हायवेला चार सिलिंडर बंद करणारा. ते बंद करायला खास लिफ्टर असतात, ऑइलच्या दाबाने आतली पिन सरकते आणि लिफ्टर नुसताच दबतो, सळईला वर ढकलतच नाही. युक्ती उत्तम. पण आमचा एक लिफ्टर सव्वा लाख मैलांच्या आतच अडकला, आधी टिक टिक आवाज, मग मिसफायर, शेवटी कॅमचा लोबच (उंचवटाच) खाल्ला. लिफ्टर बदलायला दोन्ही हेड उतरवले, कॅम नवीन घातला. बायको म्हणाली होती आवाज येतोय तेव्हाच दाखव, मी महिनाभर चालवला. तेव्हा पुशरॉड साधा असतो हे पूर्वीचं झालं, आता त्यातही पुष्कळ नाजूक वस्तू आल्यात.

वुडवर्डवासी

@ह्यूस्टनकर वाईट वाटलं वाचून. हो, ही पुशरॉडची खरी अडचण आहे, लिफ्टर ब्लॉकच्या पोटात असतात, तिथपर्यंत पोचायचं म्हणजे हेड काढा. ओव्हरहेडमध्ये वरचं झाकण उघडलं की बरंचसं समोर दिसतं. दुसरी अडचण, एकच कॅम असल्यामुळे इनटेक आणि एक्झॉस्टचं टायमिंग वेगवेगळं हलवता येत नाही, दोन्ही एकत्रच पुढेमागे होतात. २००८च्या डॉज वायपरच्या ८.४ लिटर व्ही-१०मध्ये कॅमच्या आत कॅम घालून हे जमवलं होतं, ६०० एचपी, पण तो मार्ग पुढे फारसा कोणी चालला नाही. एमिशनचे नियम जसे कडक होतात तसं हे दुखतं, तिथे रेडलाईनच्या कोयोटीला चार कॅमचा फायदा आहेच.

पण मायलेजवर लोक डोळे झाकून बोलतात म्हणून सांगतो, २०१४ची कॉर्व्हेट, ६.२ लिटर, ४५५ एचपी, हायवेला २९ एमपीजी, म्हणजे लिटरला बाराच्या वर किलोमीटर.

रेडलाईन

शेवटी बाजारात काय उरलं ते बघा म्हणजे झालं. डॉजची चॅलेंजर २०२३ला बंद. कॅमारो त्याच सुमारास बंद. डॉजच्याच नवीन चार्जर गाडीत तीन लिटरचं ट्विन टर्बो इनलाईन सिक्स, तेही ओव्हरहेड कॅम, ५५० एचपीपर्यंत. व्ही-८वाली मस्टँग अजून विकली जाते आणि तिच्यात कोयोटी आहे. आणि खुद्द तुमच्या कॉर्व्हेटने २०२३च्या झेड०६ला काय घातलं? एलटी६, ५.५ लिटर, चार कॅम, रेसिंग गाड्यांसारखा फ्लॅट प्लेन क्रँक, ६७० एचपी, ८६००ची रेडलाईन. टर्बो नाही, सुपरचार्जर नाही. पुशरॉडने एवढं करायचं तर किती लिटर लागतील?

वुडवर्डवासी

एलटी६ ऐकलंय, अंगावर काटा येतो, त्याबद्दल वादच नाही. पण साधी कॉर्व्हेट, स्टिंगरे, अजून पुशरॉडच आहे, २०२०ला आली तेव्हा ४९० एचपी, आणि बहुतेक लोक तीच घेतात कारण झेड०६च्या किमतीत खूप अंतर आहे. आणि फोर्डचंही बघा, २०२०ला सुपर ड्युटी ट्रकसाठी नवीन पेट्रोल इंजिन केलं तेव्हा जुनं ओव्हरहेड कॅमचं व्ही-१० काढून ७.३ लिटरचं पुशरॉड व्ही-८ आणलं, गॉडझिला म्हणतात त्याला. कोरा कागद घेऊन बसले होते, ओव्हरहेडचा तीस वर्षांचा अनुभव हाताशी होता, तरी पुशरॉड निवडला. ओझं ओढायचंय, रेव्ह करायचा नाहीये, टिकलं पाहिजे, स्वस्तात दुरुस्त झालं पाहिजे. म्हणून मी म्हणतो, काम बघून इंजिन ठरतं. ७५००ला किंचाळणारी गाडी हवी त्याने कोयोटी घ्यावी, मला २०००ला पाय ठेवला की पाठ सीटला चिकटणारी हवी.

घाटवळण

@वुडवर्डवासी तुमच्याकडे स्वतःकडे कुठली आहे हे सांगितलंच नाहीत.

वुडवर्डवासी

२००२ची कॅमारो एसएस, एलएस१, सहा गियर मॅन्युअल. दुसऱ्या मालकाकडून घेतली. पुढच्या शनिवारी तिचा कॅम बदलायचाय, थोडा मोठा घालतोय. पहिल्यांदाच करतोय, भीती वाटतेय थोडी.

चौदानंबरपाना

कॅम बदलायचा म्हणजे लिफ्टर काढायला हेड उतरवणार ना? मग एका दिवसात नाही होणार.

वुडवर्डवासी

नाही काका, ह्या इंजिनात तीच खुबी आहे. लिफ्टर प्लास्टिकच्या ट्रेमध्ये धरलेले असतात. रॉकर आणि सळया काढायच्या, मग कॅम हाताने दोन-चार वेळा पूर्ण फिरवायचा, लिफ्टर वर ढकलले जातात आणि ट्रेमध्ये अडकून तिथेच राहतात. मग पुढून रेडिएटर, वॉटर पंप, पुली, टायमिंग कव्हर काढलं की कॅम सरळ बाहेर ओढता येतो, हेड जागच्या जागी. फक्त गाडी जुनी आहे, ट्रे ढिले झाले असतील तर लिफ्टर खाली पडायची भीती, म्हणून ऑइलच्या भोकातून दोन्ही बाजूंना एकेक लांब सळई घालून त्यांना आधार देतात. त्या सळया मी आजच कापून घासून ठेवल्यात. स्प्रिंग पण नवीन घालतोय, तुम्ही सांगितलेल्या व्हॉल्व्ह फ्लोटसाठीच.

चौदानंबरपाना

हे मला माहीत नव्हतं, फार हुशारीने केलंय. काढलेले पुशरॉड पिशवीत भरू नका, पुठ्ठ्याला सोळा भोकं पाडा, नंबर टाका आणि जिथली तिथेच परत घाला, प्रत्येक सळईचं टोक आपापल्या रॉकरवर बसलेलं असतं. आणि परत घालायच्या आधी प्रत्येक काचेवर गडगडवून बघा, वाकलेली असेल तर लगेच उड्या मारते. जुन्या कॅमचे लोबचे फोटो टाका, कुठल्या सिलिंडरला घासलाय ते बघू.

रेडलाईन

मी ग्रँड रॅपिड्सला आहे, अडीच तासांवर. शनिवारी हाताखाली माणूस लागत असेल तर सकाळी नऊपर्यंत पोचतो. टॉर्क रेंच माझा आणतो.